थँक्यू म्हणेल त्याने सेट काढायचा

क्विझमध्ये विचारलेले प्रश्न आठवड्याभरात डोक्यातून जातात. उत्तरं त्याच्याही आधी. मागे काय उरतं, तर कोण कुठे घसरलं, कोणी त्याला सावरलं, आणि सावरता सावरता आणखी काय पाडलं! आमच्या कॉलेजच्या क्विझ क्लबात तीन वर्षं काढून माझं ज्ञान किती वाढलं ते माझी मार्कशीट सांगेल. किस्से मात्र इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो, "सरक, आधी मी!"

सांगायला बसले आहे त्याचं खरं कारण वेगळंच आहे. मला माझ्या टीमचे आभार मानायचे आहेत. आणि आमच्या क्लबात आभार मानायला बंदी आहे!

बंदी म्हणजे चक्क नियम. जो 'थँक्यू' म्हणेल, त्याने पुढच्या शनिवारचा सेट काढायचा. सेट म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा गठ्ठा. तो तयार करण्यात अख्खा आठवडा जातो आणि वर सगळे मिळून चुका काढतात ते वेगळंच. हा नियम झैनबचा. झैनब आमची कॅप्टन, आम्हाला एक वर्ष सिनिअर, म्हणून सगळ्यांची 'आपा', म्हणजे ताई. तिचं म्हणणं, "थँक्यू बोलने का मतलब, जवाब तुम्हारा था और हमको उधार मिला. जवाब किसी एक का नहीं होता. टीम का होता है. समझे?"

तत्त्व म्हणून मला हे फार आवडतं. पण माणसाचं मन भरून येतं त्याचं काय करायचं? मग पळवाटा निघतात. आमच्यातला आशुतोष, फिजिक्सवाला, मुळातच कमी बोलणारा. त्याला कोणाबद्दल फार कृतज्ञता वाटली की तो म्हणतो, "मौसम अच्छा है."

मे महिना. बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटलेला. क्लबातला पंखा बंद. आपाने त्याची हरवलेली प्रॅक्टिकल फाइल शोधून आणली. आशुतोष घाम पुसत म्हणाला, "आपा, मौसम अच्छा है."

दारातून जाणारा शिपाई थांबून त्याच्याकडे बघत राहिला!

*

हा नियम मला पहिल्याच दिवशी लागला.

मी मृण्मयी. बाबा बँकेत, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून इथे लखनौला, गोमती नगरात आलो. कॉलेजात मी कोणाला ओळखत नव्हते. क्लबच्या खोलीत सहज डोकावले तर सराव चालू होता. शेजारी बसलेल्या आपाने माझ्या कानात उत्तर सांगितलं, मी ते मोठ्याने म्हटलं, टाळ्या पडल्या. मी वळून म्हणाले, "थँक्यू!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोपऱ्यातून एक जण हात पुढे करत आला. "बधाई हो. सेट आपका."

हा विपिन. गोरखपूरचा. ज्ञान अफाट, त्यातलं निम्मं चुकीचं, पण आत्मविश्वास दोन्ही निम्म्यांवर सारखाच. तो "हंड्रेड परसेंट" म्हणाला की समजायचं, उत्तर दुसरंच काहीतरी आहे.

मी आठवडाभर खपून सेट काढला. तेव्हा मला वाटायचं (अजूनही वाटतं!) की क्विझ म्हणजे नुसत्या राजधान्या आणि चलनं नव्हेत. प्रश्नाने माणूस हलला पाहिजे. म्हणून मी सत्याग्रह, पाणवठे, गिरणी संप, वेठबिगारी, असे सगळे प्रश्न घातले. सातव्या प्रश्नाला विपिनने हात वर केला.

"मैडम, एक बात बताइए. ये क्विझ है या धरना?"

माझा चेहरा पडला असणार. आपाने मान वरही केली नाही. म्हणाली, "चलने दो. धरने में भी सवाल ही पूछे जाते हैं."

त्या दिवशी मी थँक्यू म्हणता म्हणता जीभ चावली.

*

आता आमच्या डीन सरांबद्दल सांगायला हवं, कारण क्लबचा सगळा जीव त्यांच्या हातात होता.

आमची क्लबची खोली जिन्याखालची. एक टेबल, बझरचा एक जुना संच आणि उघडायला खांदा लावावा लागतो अशी खिडकी. पण ती आमची होती. डीन सरांना तिथे सेल्फी पॉइंट करायचा होता. मागे पंख लावलेली भिंत, पुढे कॉलेजचं नाव. मी ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. विद्यार्थ्यांनी विचार करायची जागा काढून तिथे तोंड वेडावायची जागा करायची?

मी थेट केबिनमध्ये. मागोमाग मला आवरायला तिघं.

डीन सर शांतपणे म्हणाले, "क्लब का आउटपुट क्या है?"

"ज्ञान, सर!"

"ज्ञान." त्यांनी भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "उसको इसमें कैसे रखें?"

कपाटात कबड्डीची ढाल होती, वादविवादाचा कप होता आणि कुठल्याशा वृक्षारोपणाचं स्मृतिचिन्ह होतं. आमचं काही नव्हतं. आम्ही बऱ्याचदा तिसरे यायचो, आणि तिसऱ्यांना सर्टिफिकेट मिळतं.

"इस सेशन में एक ट्रॉफी," डीन सर म्हणाले. "नहीं तो कमरा खाली. और बिना कमरे के क्लब कैसा?"

बाहेर आल्यावर विपिन म्हणाला, "ट्रॉफी तो आएगी. हंड्रेड परसेंट."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. झालं, आता काही खरं नाही!

*

आम्ही तिसरे का यायचो, त्याचं एक कारण मी स्वतः. मला धीर निघत नाही. प्रश्न अर्धा झाला की माझा हात बझरवर गेलेला असतो. टीममध्ये माझं नाव पडलं होतं 'जल्दी मैडम'.

एका क्विझमध्ये क्विझमास्टर म्हणाले, "भारत का पहला उपग्रह..."

टर्रर्र!

"आर्यभट्ट!"

"शाबाश," क्विझमास्टर म्हणाले. "अब सवाल भी सुन लीजिए. भारत का पहला उपग्रह था आर्यभट्ट. दूसरा कौन सा?"

शेजारी आशुतोष डोळे मिटून बसला होता. त्याला येत होतं, भास्कर. पण आमची संधी गेली होती.

कोणी मला एक शब्द बोललं नाही. पुढच्या क्विझला स्टेजवर चढताना आशुतोषने माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगांचा पुडा रिकामा केला. "छीलती रहिए," म्हणाला. कल्पना अशी, की दोन्ही हात गुंतले की बझरपर्यंत जायला वेळ लागेल आणि तेवढ्यात प्रश्न पूर्ण होईल.

आणि चाललं की! मी शेंगा सोलत होते, प्रश्न शेवटपर्यंत ऐकू येत होते, तीन उत्तरं बरोबर आली. टेबलावर टरफलांचा ढीग. शेवटी क्विझमास्टरना राहवेना. "एक्स्क्यूज मी, स्टेज पर मूँगफली अलाउड नहीं है."

विपिन ताडकन उभा राहिला. अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

"सर, मेडिकल है."

*

आशुतोषचं दुखणं नेमकं उलटं. त्याला उत्तर येतंच. फक्त वेळेवर येत नाही. प्रश्न, वेळ संपल्याची घंटा, बक्षीस समारंभ, चहा, हे सगळं उरकतं आणि मग त्याचा चेहरा उजळतो.

एकदा हरून परत येत होतो. हजरतगंजला मेट्रोत शिरायला सिक्युरिटीची रांग. आशुतोषची बॅग मशीनच्या पट्ट्यावर गेली, तो हात पसरून उभा राहिला, जवान त्याच्या खिशावरून यंत्र फिरवत होता. आणि त्याच क्षणी, दुपारी विचारलेला प्रश्न आशुतोषला सुटला.

"पोटॅशियम नायट्रेट!" तो ओरडला.

यंत्र थांबलं. रांग थांबली. मागची एक बाई मुलाला घेऊन चार पावलं मागे सरकली.

"क्या बोले?" जवानाने विचारलं.

आता दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण आशुतोषला अर्धवट उत्तर देणं जमत नाही. "पोटॅशियम नायट्रेट. गंधक और कोयले के साथ मिलाएँ तो बारूद बनता है."

"बैग खोलिए!"

बॅग उघडली. आत एक जाडजूड ॲटलस, एक छत्री आणि डब्यात दोन पराठे. जवानाने पराठेसुद्धा वर उचलून बघितले. मी "हा अन्याय आहे" असं भाषण सुरू करणार एवढ्यात आपा पुढे झाली. अदबीने म्हणाली, "भाईसाहब, घबराइए मत. ये बम नहीं है, जवाब है. देर से आया है."

*

शनिवारी कॉलेज लवकर बंद व्हायचं, म्हणून सराव आमच्या घरी. आईला तेव्हा हिंदी येत नव्हती. त्यावर तिचा उपाय एकच, मराठीच बोलायचं, पण मोठ्याने! मी हिंदीत उत्तर देऊ लागले की म्हणायची, "तू नको मध्ये पडू, कळतंय त्यांना."

आणि कळायला लागलं की! प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे मराठी शिकला. विपिनचं पहिलं वाक्य, "काकू, अजून एक." आशुतोषचं, "थांबा." आपाचं, "नको, नको." त्यावर आई तिला दुप्पट वाढायची, तेव्हा मराठीत 'नको'चा अर्थ नेमका काय, हा प्रश्न आपाने कित्येक दिवस मनात ठेवला होता. पुढे पुढे स्टेजवर एकमेकांशी कुजबुजायलाही आम्ही मराठीच वापरू लागलो. शेजारच्या टीमने कान लावले तरी काही हाती लागायचं नाही.

आईची हिंदी मात्र कॉलेजच्या वार्षिक समारंभात फसली. पाहुणे भाषण करत होते. आवाज चढवून म्हणाले, "हमारा एक ही संकल्प है! हर बच्चे को शिक्षा! लड़का हो या लड़की, इस कॉलेज में कोई शिक्षा से बचेगा नहीं!"

टाळ्यांचा कडकडाट. आईने माझा हात घट्ट धरला. "अगं, हे कॉलेज आहे की पोलीस चौकी?"

विपिनने मागून वाकून विचारलं, "क्या हुआ, काकू क्या बोल रही हैं?" मी त्याला समजावलं, की आमच्यात शिक्षा म्हणजे सजा. त्याने क्षणभर विचार केला. त्याचे दोन विषयांचे बॅकलॉग राहिले होते.

"काकू बिलकुल ठीक समझी हैं," तो म्हणाला.

*

मला ज्या दिवशी आपा खऱ्या अर्थाने कळली, तो दिवस हा.

दुसऱ्या एका कॉलेजात क्विझ होती. सुरू व्हायच्या आधी एक संयोजक माइकवर आले. "अतिथि के स्वागत के लिए हर टीम से लड़कियाँ आ जाएँ. थाली पकड़नी है, टीका लगाना है."

माझं डोकं सटकलं. आम्ही इथे प्रश्न सोडवायला आलोय की ताटं धरायला? मुलांचे हात काय भाड्याने दिलेत? मी उठले, माझं भाषण तयार होतं, पहिलं वाक्य ओठांवर होतं. आपाने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"बैठो. भेजते हैं."

"आपा! तुम्हीसुद्धा?"

"भेजते हैं, कहा ना."

आणि तिने विपिन आणि आशुतोषला पाठवलं!

विपिनने थाळी घेतली. आशुतोष टिळा लावायला. आता आशुतोषचं कुठलंही काम म्हणजे सावकाश आणि अचूक. त्याने पाहुण्यांच्या कपाळाचा मध्य शोधला, टिळा लावला, एक पाऊल मागे जाऊन बघितला, परत पुढे येऊन जरा डावीकडे सरकवला. फोटोग्राफर ताटकळला. विपिनला वाटलं कार्यक्रम रेंगाळतोय, म्हणून त्याने थाळीतला पेढा पाहुण्यांना भरवला. मग संयोजकांना भरवला. मग एक स्वतः खाल्ला.

सभागृह हसून हसून आडवं. पण गंमत पुढेच. शेजारच्या टीममधल्या दोन मुली थाळी धरायला निघाल्या होत्या, त्या थबकल्या, परत जागेवर बसल्या आणि त्यांनी आपल्या मुलांकडे नुसतं बघितलं. मुलं मुकाट्याने उठली. मग तिसऱ्या टीमची. मग चौथ्या.

मी आपाला विचारलं, "तुम्ही भाषण का नाही केलंत?"

ती म्हणाली, "भाषण में पेड़ा नहीं मिलता."

*

आमच्या स्वतःच्या कॉलेजात आम्ही क्विझ भरवली, तेव्हा दिल्लीहून एक क्विझमास्टर विमानाने येणार होते. आडनाव मिश्रा. डीन सरांनी खूप विनवण्यांनंतर हो म्हटलं होतं, आणि बजावलं होतं की काही गडबड झाली तर ट्रॉफीची वाट न बघता खोली घेईन. क्विझमास्टरना आणायला अमौसी विमानतळावर विपिन गेला. अंगात ब्लेझर, हातात बोर्ड, त्यावर 'मिश्राजी'.

लखनौच्या विमानतळावर 'मिश्राजी' असा बोर्ड धरणं म्हणजे सांगलीच्या स्टँडवर "ओ पाटील" अशी हाक मारणं. कोण वळून बघेल ते देवाच्या हातात!

थोड्या वेळाने ग्रुपवर विपिनचा मेसेज आला. "सर मिल गए. बहुत मिलनसार हैं. गले लगे."

मग, "घर में कौन कौन है, पूछ रहे हैं."

मग, "मेरी हाइट पूछी."

मग, "कुंडली भी माँगी है. लगता है ज्योतिष का राउंड रखेंगे."

आपाने फोन खाली ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाली, "या अल्लाह." त्याच वेळी माझा फोन वाजला. खरे क्विझमास्टर. विमानतळाच्या बाहेर उभे, फार चिडलेले. आशुतोष रिक्षा पकडून पळाला.

इकडे टॅक्सी गेटात शिरली. डीन सर पुष्पगुच्छ घेऊन उभे. टॅक्सीतून एक प्रसन्न, वयस्कर गृहस्थ उतरले, त्यांनी डीन सरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि हात जोडले.

"तो आप ही हैं लड़के के पिताजी?"

गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला आले होते. मुलगा स्वतः घ्यायला येणार असा निरोप त्यांना होता, आणि बोर्ड धरून विपिन उभा!

खरा मुलगा विमानतळावरून कॉलेजात येईपर्यंत मिश्राजींना कुठे ठेवायचं? आपाने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, चहा दिला, आणि खरे क्विझमास्टर पोहोचेपर्यंत स्वतः माइक घेऊन कार्यक्रम चालू ठेवला. मिश्राजींनी सगळं मन लावून ऐकलं. विपिन प्रेक्षकांतून चार प्रश्नांना उठला, चारही चुकला.

जाताना मिश्राजी आपाला बाजूला घेऊन म्हणाले, "बिटिया, लड़का हमको अच्छा लगा था. बस जनरल नॉलेज थोड़ा कमजोर है."

*

आणि आता फायनल.

सेशन संपत आलं होतं. गोमती नगरच्या एका कॉलेजातली क्विझ ही आमची शेवटची संधी. आदल्या आठवड्यात डीन सरांनी आमच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली. "ट्रॉफी लाइए, चाभी ले जाइए," म्हणाले. आपाचं हे शेवटचं वर्ष. किल्ली देताना तिने ती एकदा ओढणीने पुसली, ते मी बघितलं.

आम्ही इतकं चांगलं कधीच खेळलो नव्हतो. शेवटच्या प्रश्नापर्यंत आम्ही आणि दुसरी एक टीम बरोबरीत. डीन सर पहिल्या रांगेत. टेबलावर ट्रॉफी, आशुतोषच्या कोपरापर्यंत येईल एवढी उंच.

क्विझमास्टर म्हणाले, "एक राजकुमार भागते भागते एक पेड़ के नीचे रुका. वहाँ एक नन्हे हिरन ने उसके शिकारी कुत्ते को लात मार दी. राजकुमार ने कहा, जहाँ हिरन इतना बहादुर है, वहीं नगर बसाएँगे. और नगर को उस पेड़ का नाम दिया. कौन सा नगर?"

आम्हाला येत नव्हतं. विपिनलासुद्धा येत नव्हतं, म्हणजे बघा! तो पाण्याच्या बाटलीकडे वाकला, आणि त्याचं कोपर बझरवर पडलं.

टर्रर्र!

दिवा आमचा. "टीम सी, जवाब?"

विपिन पांढराफटक. त्याने घाबरून माइक माझ्या तोंडासमोर सरकवला. आणि मी गांगरले की माझ्या तोंडून जी भाषा निघते तीच निघाली. त्याच्याकडे बघून मी म्हणाले,

"मला का?"

"मलाका!" क्विझमास्टर खुर्चीतून उडालेच. "वाह! मलेशिया का शहर, यहाँ सब मलक्का बोलते हैं, आपने तो एकदम वहीं का उच्चारण किया! सही जवाब! और ये रहे हमारे विजेता!"

टाळ्या. शिट्ट्या. मागच्या रांगेत आमच्या कॉलेजची पोरं नाचायला लागली. डीन सर उभे राहिले होते, हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

मला खोली दिसत होती. टेबल, बझर, न उघडणारी खिडकी, सगळं. पण उत्तर मी दिलंच नव्हतं. इतरांनी अशी ट्रॉफी नेली असती तर मी केवढा आरडाओरडा केला असता! मी ठरवलं, उठायचं. खरं सांगते, मला वाटलं तिघं मला धरून खाली बसवतील. आपासाठी तरी बसवतील. मी डोळे मिटून उभी राहिले आणि हात वर केला.

डोळे उघडले तर शेजारी आशुतोष आधीच उभा होता. त्याच्या पलीकडे विपिन. आणि टेबलाच्या टोकाला आपा. चौघांचे हात वर!

टाळ्या विस्कळीत होत थांबल्या. क्विझमास्टर गोंधळले. "आपको आपत्ति है? ऑब्जेक्शन? किस टीम से?"

"अपनी टीम से," आपा म्हणाली. "सर, इसने जवाब नहीं दिया. इसने मराठी में पूछा, मुझे क्यों?"

"पर जवाब तो सही है!"

आशुतोषने माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर! "सर, सही तो है. लेकिन वो जवाब नहीं है, सवाल है."

आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. परीक्षकांनी डोकी एकत्र केली. प्रश्न रद्द. नवा प्रश्न आला, दुसऱ्या टीमला येत होता. ट्रॉफी त्यांच्या कॉलेजात गेली. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाची सर्टिफिकेटं मिळाली.

बाहेर पार्किंगमध्ये आम्ही चौघं ई-रिक्षाची वाट बघत उभे होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मागून डीन सरांचा आवाज आला. ते एकटेच चालत आले होते.

"क्या बोला था आपने? फिर से बोलिए."

"मला का, सर."

"मला का." त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग खिशात हात घालून त्यांनी किल्ली बाहेर काढली आणि आमच्यासमोर धरली.

"और 'ये लीजिए' को क्या कहते हैं?"

आपा किल्लीकडे बघत होती. शेवटी आशुतोष म्हणाला, "किल्ली है, सर, तो 'ही घ्या'."

"ही घ्या," डीन सर म्हणाले.